स्वेटर आटला तर भरपाई कोण देणार? लोकरी धुलाईचा घरगुती धंदा, ओझरच्या अंगणातून



कार्तिकी पौर्णिमेला ओझरच्या दीपमाळा उजळल्या की आपल्या भागात थंडी खरी सुरू झाली असं समजायचं. एका बाजूला येडगाव धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि द्राक्षबागा, त्यामुळं पहाटेचा गारठा हाडात शिरतो. माळ्यावरची ट्रंक खाली येते. त्यातून स्वेटर, कानटोपी, मफलर, आजोबांची घोंगडी, आईची लग्नातली शाल असं सगळं बाहेर पडतं. आणि पहिला प्रश्न घरोघरी एकच असतो: हे धुवायचं कसं?

इस्त्रीवाले दादा लोकरीचा कपडा घेताना का-कू करतात. धुणंवाल्या मावशी स्पष्ट सांगतात, "दादा, स्वेटर नको, मागच्या वेळी लय बोलणी खाल्ली." जिथं लोक काम घ्यायला घाबरतात तिथं धंद्याला जागा असते, हे मी बॅचमध्ये नेहमी सांगतो. पण लोक का घाबरतात हे कळल्याशिवाय त्या जागेत उडी मारू नका. म्हणून आज कपड्यापासून सुरुवात करतो, पैशाचं नंतर.

आधी ओळखा, लोकर आहे का

बाजारात "वुलन" म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं अॅक्रिलिक असतं. शाळेच्या गणवेशाचे स्वेटर, रस्त्यावरच्या ढिगातले स्वेटर, आणि हो, सत्काराच्या शाली. आपल्याकडं सरपंचापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत प्रत्येकाच्या कपाटात शाल-श्रीफळातल्या शालींची चळत असते. त्यात खऱ्या लोकरीची एखादी निघाली तर निघाली. अॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा धागा. तो धुवायला सोपा. फक्त गरम इस्त्री आणि गरम पाणी त्याला चालत नाही, कपडा लोळागोळा होतो.

ओळखायचं कसं? कपड्याच्या आतल्या शिवणीतून, ग्राहकाला विचारून, एक छोटा धागा काढा. चिमट्यात धरून पेटवा. खरी लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो, ज्योत लवकर विझते आणि बोटानं चुरगळेल अशी काळी राख उरते. अॅक्रिलिक वितळतं, काळा धूर येतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणं दिसतात. तसं असेल तर त्याला लोकरच समजून धुवा, म्हणजे नुकसान होणार नाही.

कपड्यावर पट्टी असेल तर चिन्हं वाचायला शिका. दहा मिनिटांचं काम आहे. टबात हात म्हणजे हातानं धुवा. टबावर फुली म्हणजे पाणी लावूच नका. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नाही. चौकोनात आडवी रेघ म्हणजे सपाट पसरून वाळवा. नुसतं वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन. टबावर फुली असलेला कपडा गोड बोलून परत करा. अस्तर लावलेला लोकरी कोट, ब्लेझर, जरीकाम केलेली महागडी पश्मिना हे घरगुती धंद्याचं काम नाही. नाही म्हणता येणं ही पण सेवाच आहे.

लोकर आटते म्हणजे नेमकं काय होतं

लोकर म्हणजे मेंढीचा केस. आपल्या केसासारखाच तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्या केसावर माशाच्या अंगावर असतात तसे बारीक खवले असतात, डोळ्यांना न दिसणारे. कोमट पाण्यात आणि साबणात हे खवले उघडतात. अशा वेळी कपडा चोळला, आपटला, मशिनमध्ये घुसळला की एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात आणि केस एका दिशेनं आत आत सरकत जातात. मग ते सुटत नाहीत. कपडा आखूड होतो, जाड होतो, पुठ्ठ्यासारखा घट्ट बसतो. काश्मीरचा नमदा मुद्दाम असाच करतात, लोकरीचे थर ओले करून दाबून. म्हणजे जी क्रिया काश्मीरच्या कारागिराला हवी आहे तीच आपल्या मोरीत नको असताना होते.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. नुसत्या गरम पाण्यानं स्वेटर आटत नाही, गरम पाणी अधिक घुसळणं यानं आटतो. त्यामुळं "मी तर कोमटच पाणी घेतलं होतं" म्हणून चालत नाही. कोमट पाण्यात धुणं बडवलं की झालंच काम.

दुसरा शत्रू म्हणजे सोडा. सुती कपड्यांची स्वस्त पावडर सोड्याची, म्हणजे अल्कलीची असते. सुताला ती चालते, प्रथिनाला नाही. लोकर खरखरीत होते, रंग मरतो. काही पावडरींमध्ये डाग खाणारी एन्झाइम असतात. ती रक्ताचे, दुधाचे डाग म्हणजे प्रथिनच खातात आणि लोकर पण प्रथिनच! ब्लीचचं तर नावच काढू नका. कडक ब्लीचमध्ये लोकरीचा धागा चक्क विरघळतो.

मग वापरायचं काय? लोकरीसाठी मिळणारं लिक्विड. ईझी वगैरे आपल्या सगळ्यांना माहीत आहेत, किराणा दुकानात पाऊचही मिळतो. किंवा आपला रिठा. रात्री फोडून भिजत घालायचा, सकाळी उकळून, गार करून, फडक्यानं गाळायचा. फेस कमी येतो, पण काम चोख होतं आणि लोकरीला त्रास नाही. पांढऱ्या कपड्याला मात्र रिठ्याची पिवळट झाक येऊ शकते, तिथं लिक्विडच बरं. ग्राहकाला "रिठ्यात धुतलेलं" असं सांगितलं की त्याला बरं वाटतं हेही खरं, पण खरंच रिठा वापरला असेल तरच सांगा.

धुण्याची पद्धत

मी व्हिडिओत दाखवलं आहे, इथं लिहून ठेवतो म्हणजे भिंतीवर चिकटवता येईल.

कपडा आल्याबरोबर मापाची टेप घ्या. छाती, उंची, बाही ही तीन मापं पावतीवर लिहा. ही सवय लावाच. एक तर वाळवताना कपडा त्याच मापाला आणता येतो. आणि दुसरं, "पूर्वी मला सैल होत होता" असं कोणी म्हणालं तर तुमच्या हातात कागद असतो. भोक, निघालेला टाका, डाग, तुटलेलं बटण हे ग्राहकासमोर बघा, पावतीवर लिहा, फोटो काढा.

रंग जातो का बघायला पांढरं ओलं फडकं आतल्या बाजूला दाबून घासा. फडक्याला रंग आला तर तो कपडा एकटा धुवायचा.

पाणी घ्या कोमट. तीस अंशाच्या आसपास, म्हणजे कोपर बुडवला तर ना गार ना गरम. बाळाच्या अंघोळीच्या पाण्यापेक्षाही कमी. पण थंडीत बोअरचं पहाटेचं पाणी एकदम बर्फ असतं, आणि धुतलं कोमटात, खंगाळलं बर्फात असं करू नका. धुण्याचं आणि खंगाळण्याचं पाणी सारखंच हवं. आधीच दोन बादल्या एकसारख्या करून ठेवा. बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे साबणाला फेस न येणारं, तर साबणाची वडी अजिबात वापरू नका. त्याचा चोथा लोकरीत बसतो. टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी किंवा नळाचं पाणी असेल तर उत्तम.

लिक्विड पाण्यात आधी ढवळा, मग कपडा उलटा करून बुडवा. हातानं हळू दाबा, सोडा, दाबा, सोडा. कणीक मळतो तसं नाही, स्पंज दाबतो तसं. पाच-दहा मिनिटं पुरे. रात्रभर भिजत घालायची आपली सवय इथं विसरायची. कॉलर आणि काखेला जास्त मळ असेल तर तिथं लिक्विडचा थेंब टाकून बोटानं थापटा, ब्रश नको. मग दोन-तीन पाण्यांतून काढा. शेवटच्या बादलीत चमचाभर पांढरं व्हिनेगर टाकलं तर उरलासुरला साबण निघतो आणि लोकर मऊ राहते. वास वाळताना उडून जातो.

आता पाण्यातून काढताना दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला, ओली बाळंतिणीची गोधडी उचलतो तशी. ओली लोकर जड असते. खांद्याला धरून उचललात तर स्वेटरचा झगा होतो. पिळायचं नाही. जाड टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा, वरून दाबा. टॉवेल बदलून पुन्हा एकदा. घरी सेमी-ऑटोमॅटिक मशिन असेल तर कपडा जाळीच्या पिशवीत घालून नुसत्या ड्रायरमध्ये अर्धा-एक मिनिट फिरवायला हरकत नाही, तिथं घुसळण होत नाही. वॉशच्या बाजूला मात्र टाकू नका.

वाळवणं: खरी मेहनत इथं

धुणं सोपं आहे हो. बहुतेक कपडे बिघडतात ते दोरीवर. ओला स्वेटर दोरीवर टाकला की पाण्याच्या वजनानं लांबतो, खांद्यावर चिमट्याचे कान उभे राहतात, मधोमध दोरीची रेघ पडते. तो सपाटच वाळवायचा.

आपल्या भागात याला खर्च करायची गरज नाही. जुनी सुंभाची किंवा नवारीची बाज घ्या, वर स्वच्छ पांढरी चादर. खालून वारा, वरून वारा. आणि बाज नसेल तर नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमुळं आपल्याकडं प्लॅस्टिकच्या क्रेटला काय तोटा? क्रेट उलटे मांडा, त्यावर शेडनेटचा तुकडा ताणा, वर चादर. फक्त क्रेट नवे घ्या. शेतातल्या वापरलेल्या क्रेटला औषधाचा अंश आणि टोमॅटोचे डाग असतात, ते ग्राहकाच्या पांढऱ्या शालीला लागायला नकोत. सहा क्रेटवर दोन मोठे स्वेटर आरामात बसतात.

कपडा पसरला की पावतीवरची मापं बघा आणि हातानं थापटून, हळू ओढून त्याच मापाला आणा. ओली लोकर ऐकते, वाळल्यावर ऐकत नाही. बाह्या सरळ, बॉर्डर सरळ, बटणं लावून. सावलीत ठेवा, ऊन थेट नको. पांढरी लोकर उन्हात पिवळी पडते आणि गडद रंग विटतो. थंडीत हवा कोरडी असते, पातळ स्वेटर एका दिवसात वाळतो, जाड असेल तर दोन दिवस धरा. मध्ये एकदा उलटा करा. संध्याकाळी साडेपाचला सगळं घरात. धरणाच्या बाजूला दव भरपूर पडतं आणि लोकर हवेतलं पाणी पटकन पिते. आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. म्हणून "कोरडा वाटतोय" म्हणून लगेच पिशवीत भरू नका, शिवणी आणि बॉर्डर दाबून बघा. ओला राहिला तर कुबट वास येतो आणि सगळी मेहनत वाया.

इस्त्री थेट लावायची नाही. वर ओलसर सुती फडकं, मध्यम इस्त्री, दाबा आणि उचला, घासू नका.

आणि आटलेला स्वेटर कोणी घेऊन आलं तर? थोडासाच आटला असेल तर कोमट पाण्यात केसांचा कंडिशनर घालून अर्धा तास ठेवा आणि ओला असतानाच हळूहळू ओढून मापाला आणा. केसाचं औषध केसाला. काही प्रमाणात फरक पडतो. पुठ्ठा झालेला असेल तर होणार नाही असं सांगून टाका, पैसे घेऊ नका.

घोंगडीचं वेगळं गणित

हा भाग मी मुद्दाम लांबवतोय, कारण ही वस्तू तुम्हाला ड्रायक्लीनवाल्यापेक्षा जास्त कळू शकते. खरिपाची काढणी झाली की जुन्नर-आंबेगावच्या शिवारात मेंढ्यांचे वाडे दिसायला लागतात. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवतात. ही आपली दख्खनी मेंढी. तिची लोकर जाडीभरडी, राखाडी-काळी. धनगर बांधव ती कातरतात, सूत काततात आणि सणगर कारागीर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात. सुताला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ लावतात. नवी घोंगडी टोचते आणि ताठ असते ती त्या खळीमुळं.

म्हणून घोंगडी सारखी धुवायची नसतेच. जुनी माणसं काय करायची? उन्हं दाखवायची, बाजेवर टाकून काठीनं हलकं झोडपायची, झटकायची. धूळ गेली की अर्धं काम झालं. लोकरीत मळ खोल शिरत नाही, वास हवेनं जातो. ग्राहक घोंगडी घेऊन आला की आधी हेच सुचवा, आणि झटकून-वारा देऊन द्यायचा वेगळा, स्वस्त दर ठेवा. धुवायचीच झाली तर गार पाण्यात, रिठ्यात, पसरट टबात पायानं न तुडवता. खळ निघेल, घोंगडी मऊ पडेल, पाणी गढूळ येईल हे आधी सांगा. नाहीतर "माझ्या बापाची घोंगडी पार ढिली करून टाकली" हे ऐकावं लागेल. कोणाच्या देवाच्या पूजेतली असेल, कोणाच्या वडिलांची शेवटची आठवण असेल. तिची किंमत पावतीवर लिहिता येत नाही. असल्या घोंगडीला एकट्यानं हात लावू नका, उचलायलाच दोन माणसं लागतात.

आणि कृपा करून कुकडीवर धुवायला नेऊ नका. नदीचं पाणी पुढं गावं पितात, घाटावर भाविक उतरतात. साबणाचं पाणी घराच्या शोषखड्ड्यात सोडा.

आता पैशाचं बोलू

खालचे आकडे मी हिशोब समजावण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे दर विचारून तुमचे आकडे भरा.

एका घाण्यात ८ स्वेटर धरू, दर ६० रुपये. आले ४८० रुपये. लिक्विड ३२, पाणी-वीज २०, पिशव्या २४, आणणं-पोचवणं पेट्रोल ६०. खर्च १३६. हातात राहिले ३४४, म्हणजे एका स्वेटरमागे ४३ रुपये. वेळ धरला ४ तास, तर तासाला ८६ रुपये पडले. घर सांभाळून करणाऱ्या ताईंना हे वाईट नाही.

आता १२०० रुपयांचा एक स्वेटर आटला. भरपाई दिली तर २८ स्वेटर फुकट धुतल्यासारखं झालं. म्हणजे साडेतीन घाणे गेले. हा धंदा साबणाचा नाही, जोखमीचा आहे, आणि म्हणूनच मावशी नाही म्हणतात. आमच्या एका बॅचमधल्या ताईंनी पहिल्याच आठवड्यात शेजारणीची शाल दोरीवर वाळवली. शालीची किंमत देता आली, पण त्या आळीतून पुढं दोन महिने एक कपडा आला नाही. गावात जाहिरात जेवढी लवकर होते तेवढीच बदनामीपण.

म्हणून भरपाईचा नियम आधी ठरवा आणि पावतीवर छापा. उदाहरणार्थ, "आमच्या चुकीनं नुकसान झाल्यास धुलाईच्या दराच्या दहापट भरपाई. त्यापेक्षा महाग कपडा देताना आधी सांगावे." महाग कपड्याला जास्त दर लावा किंवा घेऊच नका. आणि प्रत्येक कपड्यामागे ५ रुपये वेगळ्या डब्यात टाका. हंगामात ३०० कपडे झाले तर १५०० रुपये जमतात. लागले नाहीत तर पुढच्या वर्षीचे टॉवेल आणि क्रेट त्यातून येतात.

ग्राहक कुठं शोधायचे? पहिले २० घरातले-गल्लीतले. त्यांच्याकडून तुमचे स्वतःचे हात बसतील. मग शाळा. गणवेशाचे स्वेटर अॅक्रिलिकचे, जोखीम कमी, संख्या जास्त, रविवारी घ्या आणि सोमवारी पहाटे द्या, पण ते एका दिवसात वाळतील याची खात्री असेल तरच. तिसरे म्हणजे ओझर-लेण्याद्रीच्या वाटेवरचे लॉज आणि कृषी पर्यटन केंद्रं. २०१८ साली जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला, तेव्हापासून शिवनेरी-अष्टविनायक करणारे मुक्कामी पाहुणे गृहीत धरून अनेकांनी खोल्या काढल्या. त्यांच्याकडच्या ब्लँकेट जाड आणि संख्येनं जास्त. त्या हातानं धुवायच्या भानगडीत पडू नका. मोठं मशिन घेईपर्यंत फक्त शाली आणि ओढण्यासारखं हलकं काम घ्या. उधारीवर मात्र नाही. लॉजवाले महिन्याचा हिशोब म्हणतात आणि तीन महिने फिरवतात.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन, मोफत, आधारवर होते. कोणी पैसे मागितले तर देऊ नका. सेवा व्यवसायाला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची गरज नाही. परीट कामाचा पिढीजात व्यवसाय असलेल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट: १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत धोबीकाम आहे. प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजानं. एका कुटुंबातून एकच अर्ज. नोंदणी सीएससी केंद्रातून होते, पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. पण माझं मत विचाराल तर पहिल्या हंगामात कर्ज घेऊ नका. दोन टब, चार टॉवेल, बाज, क्रेट, टेप, पावतीपुस्तक एवढ्यावर सुरू होतं. हात बसला की मशिनचा विचार.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या धंद्याचा मोठा महिना डिसेंबर नाही, होळीनंतरचा आहे. कपडे ट्रंकेत जायच्या आधी धुतलेच पाहिजेत. कसरीची अळी केराटिनच खाते आणि घामाचा, खाण्याचा डाग असलेली जागा आधी पकडते. तेव्हा "धुऊन, वाळवून, बांधून" असा एकच दर काढा. पूर्ण कोरडा कपडा, घडी, सुती पिशवी, त्यात कागदात गुंडाळलेल्या दोन डांबराच्या गोळ्या, आणि लहान मुलं असलेल्या घरात गोळ्यांऐवजी घट्ट झाकणाचा डबा. कसर आधीच लागलेली दिसली तर तो कपडा बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा, पिशवीत बांधून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, मग धुवा. मार्चमध्ये ऊन कडक असतं, वाळवायला सावली शोधावी लागते आणि बाज-क्रेट दोन्ही कमी पडतात. म्हणून शिमग्याच्या आधीच घरोघरी फोन करून तारखा लिहून घ्या, दिवसाला आठ-दहापेक्षा जास्त कपडे घेऊ नका.